ऐकणारे, हसणारे

आमचे दाजी कोयनेच्या खोऱ्यातल्या एका माध्यमिक शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवत आले. आता निवृत्त आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते पुण्यात आमच्याकडे राहिले होते. वाचायला बंदी, टीव्हीला बंदी. अशा माणसाला वाद घालायला कुणीतरी लागतं. ते काम वरच्या मजल्यावरच्या मॅडमनी आनंदाने पत्करलं. त्या पिंपरी-चिंचवडमधल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवतात. दाजींपेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान. कोरोनाची दोन वर्षं दोघांनीही इंग्रजीचे तास घेण्यातच काढली, पण दोघं एकाच काळाबद्दल बोलताहेत हे सांगूनही कुणाला खरं वाटणार नाही.

विषय निघाला तो शिक्षकांच्या रिकाम्या जागांवरून. ज्या शाळांना इंग्रजीचा शिक्षक नाही तिथे पडद्यावरून शिकवावं, असं अधूनमधून कुणी ना कुणी सुचवत असतं. आता मॅडम बाजूने बोलणार आणि दाजी विरोधात, असं धरून मी चहा टाकायला उठलो. परत येईपर्यंत जुंपली होती. दाजींना मी इथे सर म्हणतो, कारण मॅडम तसं म्हणत होत्या.

मॅडम : सर, तुमचा ऑनलाइनवर एवढा राग का? २०२० साली दुसरा इलाज होता का काही?

सर : राग नाही हो. इलाज नव्हता हे मान्यच. मार्चमध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो कायमचाच राहिला. १५ जूनला शाळा सुरू झाली म्हणजे व्हॉट्सॲपवर पीडीएफ पडायला लागल्या. पण इलाज नव्हता म्हणून केलं, ते चांगलंच होतं असं म्हणून आता गळ्यात घालू नका. आणि मी गणिताचं बोलत नाही, इतिहासाचंही नाही. गणिताच्या मास्तरनं उदाहरण कागदावर सोडवून कॅमेऱ्यासमोर धरलं तरी पोराला पुढची पायरी दिसते. माझं भांडण इंग्रजीपुरतं आहे.

मॅडम : इंग्रजीचं काय वेगळं?

सर : तुमच्या पोरांना इंग्रजी निदान रस्त्यावरच्या पाट्यांवर दिसतं, मॉलमध्ये कानावर पडतं. आमच्या पोरांना वर्गाच्या चार भिंतींबाहेर इंग्रजी भेटतच नाही. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी पाचवीपासून होतं. म्हणजे दहावीतलं पोर दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. पण तोंडानं एक वाक्य काढायचं म्हटलं की घाम फुटतो. त्याच्यावर माझ्याकडे एकच औषध होतं. वाक्य आधी मी म्हणायचो. मग सगळा वर्ग. मग खिडकीकडची रांग, मग दाराकडची, मग दोन बाकं, मग जोडी, आणि शेवटी एकटा. एकट्यावर पाळी येईपर्यंत त्या वाक्यावरून त्याची जीभ सात-आठ वेळा जाऊन आलेली असायची. भीती मोडलेली असायची. पहिल्या ऑनलाइन तासाला मी सवयीनं म्हटलं, सगळे म्हणा. आणि फोनमधून जे काही बाहेर आलं ते ऐकून आमच्या घरातली म्हातारी बाहेर आली, काय पडलं म्हणून.

इथे थोडं यंत्राचं सांगायला हवं, कारण सरांची तक्रार नुसती जुन्या माणसाची कुरकुर नाही. समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण पाव सेकंदही जात नाही. फोनवरच्या संभाषणात आवाज पोहोचायला एका बाजूने दीडशे मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, असं दूरसंचाराचा आंतरराष्ट्रीय दंडक सांगतो. दोघांच्या बोलण्यात थोडा उशीर खपून जातो. पण चाळीस मुलं चाळीस ठिकाणी, प्रत्येकाची रेंज वेगळी, म्हणजे प्रत्येकाचा उशीर वेगळा. त्यांनी एकसुरात म्हणायचं ठरवलं तरी ते एकसुरात पोहोचणार नाही. त्यातून ही ॲप एका वेळी एकच माणूस बोलणार असं धरून बनवलेली असतात. सगळ्यांत मोठा आवाज पुढे आणायचा आणि बाकीचा गलका समजून दाबायचा, हे त्यांचं काम. वर्गाने एकत्र म्हणणं त्यांच्या लेखी गलकाच. म्हणून दुसऱ्या दिवसापासून महाराष्ट्रभर इंग्रजीच्या तासाला पहिली सूचना एकच होती: सगळ्यांनी म्यूटवर जा. बोलायला शिकवण्याचा तास, आणि तोंड बंद ठेवण्यापासून सुरुवात.

मॅडम : सर, रागावणार नसाल तर एक विचारते. तो सगळा वर्ग एकत्र म्हणायचा, तेव्हा तिसऱ्या रांगेतली शेवटून दुसरी मुलगी काय म्हणत होती, हे तुम्हाला कधी ऐकू आलं?

सर : नाव घेऊन उठवलं की यायचं.

मॅडम : उठवायचात किती जणांना? पस्तीस मिनिटांचा तास, साठचा वर्ग. मीही तेच करत होते. माझ्या वर्गात एक मुलगी होती. आठवी अख्खी गेली, नववी लागली, हिचा आवाज मी ऐकला नव्हता. ओठ मात्र बरोबर हलायचे. मी समजत होते, हिचं चाललंय व्यवस्थित. लॉकडाऊनमध्ये तिचं सगळं कुटुंब परभणीकडे आपल्या गावी गेलं. मी ग्रुपवर सांगितलं होतं, धड्यातला एक परिच्छेद वाचा आणि आवाज रेकॉर्ड करून मला वेगळा पाठवा, ग्रुपवर टाकू नका. रात्री साडेदहाला तिचा आला. आधी नुसता पंख्याचा आवाज. मग कुणीतरी बाई म्हणते, म्हण की गं. मग ही सुरू करते, अडखळते, परत पहिल्यापासून. मध्येच लहान भावाला दटावते, पुन्हा पहिल्यापासून. आणि सर, ती छान वाचत होती. फक्त आयलंडला इस्लंड म्हणत होती, लिसनला लिस्टन, नाइफला कनाइफ. म्हणजे पोरगी प्रत्येक अक्षर प्रामाणिकपणे वाचत होती. अक्षर लिहिलंय पण म्हणायचं नाही, असं काही असतं हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

सर : वर्गात सांगितलेलं असणार तुम्ही.

मॅडम : सांगितलं असेल की, साठ जणांना मिळून. तिला वाटलं असेल दुसऱ्या कुणाला सांगताहेत. मी तिला तिच्यापुरतं वीस सेकंदांचं उत्तर पाठवलं. नुसते तीन शब्द दोनदा म्हटले. दुसऱ्या दिवशी तिनं सगळा परिच्छेद पुन्हा पाठवला, न मागता. हे वर्गात झालं असतं का? वर्गात इस्लंड म्हटल्याबरोबर मागून हसले असते आणि तिनं वर्षभर तोंड उघडलं नसतं.

सर : आणि पाठवायची किती जण?

मॅडम : वर्ग अठ्ठावन्नचा. नियमानं पाठवणारी पंधरा-वीस.

सर : राहिलेल्यांचं काय?

मॅडम : काहींना लाज, काहींना कंटाळा, काहींना फोन नाही.

सर : आता आलात मुद्द्यावर. शिक्षणाचा 'असर' अहवाल काढणाऱ्यांनी २०२० मध्ये देशाच्या ग्रामीण भागात पाहणी केली. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन निघाला. दोन वर्षांपूर्वी तोच आकडा ३६.५ होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण घरात फोन असणं आणि पोराच्या हातात असणं यात अंतर आहे. आमच्याकडे फोन वडिलांच्या खिशातून सकाळी आठला कराडला जायचा आणि रात्री आठला यायचा. आल्यावर त्याच्यावर पहिला हक्क बारावीतल्या भावाचा, मग दहावीतल्या बहिणीचा. आठवीतल्याच्या वाट्याला येईपर्यंत दिवसाचा दीड जीबी डेटा संपलेला.

मॅडम : हजेरीची गंमत तुमच्याकडेही होती का? माझ्या वर्गात रोज रेडमी नोट, ओप्पो आणि विवो हजर असायचे. एक मुलगा वर्षभर वडिलांच्या मंडप डेकोरेटर्सच्या नावानं बसला. मी म्हणायचे, डेकोरेटर्स, पुढचं वाक्य वाचा.

दोघंही हसले. हा विषय निघाला की शिक्षक हसतातच. फोटोच्या जागी देव, क्रिकेटपटू किंवा ट्रॅक्टर असलेले ते काळे चौकोन सगळ्यांनी पाहिलेत. हसण्यात एक अवघड गोष्ट मात्र निसटून जाते. भाषेचा शिक्षक वर्गात अर्धं काम डोळ्यांनी करतो. वाक्य समजलं का हे तो विचारत नाही, चेहऱ्यावर वाचतो. न समजलेलं दिसलं की वेग कमी करतो, मराठीत एक शब्द टाकतो, पुन्हा इंग्रजीत येतो. हे सगळं तीन-चार सेकंदांत, मुलांनाही कळू न देता. काळ्या चौकोनांसमोर त्याला सारखं विचारावं लागतं, समजलं का? आणि उत्तर येतं, येस सर.

सर : ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्यांच्यासाठी मी साधा कॉन्फरन्स कॉल लावायचो. एका वेळी चार-पाच पोरं. ते मला गूगल मीटपेक्षा बरं वाटायचं, खरं सांगतो. निदान पोरं एकमेकांना ऐकत होती. पण त्यातही गोम निघाली. मी सेल म्हणायचो, पोरं फेल ऐकायची. मला वाटायचं, यांचं लक्ष नाही. मग पोस्टातल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलं, सर, आम्ही फोनवर नाव सांगताना एस फॉर सातारा, एफ फॉर फादर का म्हणतो?

सरांचा विद्यार्थी बरोबर होता. साध्या फोनची वाहिनी जुन्या मापाने ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच. माणसाचा आवाज ओळखायला ती पुरते. पण इंग्रजी स या ध्वनीतली बहुतेक सळसळ त्याच्या वर, चार हजारांच्या पुढे असते. ती कापली गेली की स आणि फ यांत फारसा फरक उरत नाही. आपल्या भाषेत आपण तो फरक संदर्भाने भरून काढतो. आई फोनवर साखर म्हणाली तर कुणाला फाखर ऐकू येत नाही. परक्या भाषेतला शब्द नवीन असताना भरून काढायला मुलाकडे काहीच नसतं. इंटरनेटच्या कॉलमध्ये वाहिनी रुंद असते, पण रेंज गेली की तीही आकसते, आणि शंभर रुपयांचा इअरफोन उरलंसुरलं खातो. म्हणजे ज्याला नीट ऐकू येण्याची सगळ्यांत जास्त गरज, त्याच्याच कानापर्यंत सगळ्यांत कमी पोहोचतं.

मॅडम : बरं, मग नोव्हेंबर २०२० मध्ये नववीपासूनचे वर्ग उघडले तुमच्याकडे. वेस्ट आणि व्हेस्ट कसं शिकवलंत, मास्क लावून?

सर : (हसून) तिथे मात्र तुम्ही पकडलंत.

मॅडम : एकासाठी ओठांचा चंबू करायचा, दुसऱ्यासाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे. मराठीत दोन्हीला आपला एकच व. हे कानानं कळायच्या आधी डोळ्यांनी कळतं. आणि वर्गात सगळ्यांची तोंडं झाकलेली! मी घरून शिकवत होते तेव्हा फोन तोंडाजवळ धरायचे, नुसते ओठ आणि दात दिसतील असे. मुलं म्हणायची, मॅडम, डेंटिस्टकडे आल्यासारखं वाटतंय. पण शिकली. चौथ्या बाकावरून तुमचे दात कुणाला दिसले असते, मास्क नसता तरी?

सर : ते द्या तुम्हाला. मी मास्क खाली करून दोन शब्द म्हणायचो आणि पुन्हा वर करायचो. पुढच्या बाकावरची पोरं मागे सरकायची.

मॅडम : आणि तुम्ही म्हणता पोरं वर्गात मास्तरसमोर एकत्र हवीत. मग सुगाता मित्रांच्या प्रयोगांचं काय? १९९९ मध्ये दिल्लीत कालकाजीला झोपडपट्टीच्या भिंतीत त्यांनी संगणक बसवला आणि मुलं आपलीआपण शिकली. हैदराबादला त्यांनी मुलांना बोललेलं टाइप करणारं सॉफ्टवेअर दिलं. मुलं बोलायची, यंत्र भलतंच काही लिहायचं, आणि ते बरोबर लिहीपर्यंत मुलं आपले उच्चार सुधारत राहायची. २००३ मध्ये त्यांनी ते छापलंय. शिक्षक नव्हताच. मग २००९ पासून इंग्लंडमधल्या आज्या स्काइपवरून इथल्या मुलांशी गप्पा मारायला लागल्या. २०१३ मध्ये सुगाता मित्रांना टेड पारितोषिक मिळालं, त्यातून सात केंद्रं उभी राहिली. त्यातलं एक तुमच्या सातारा जिल्ह्यात, फलटणला!

सर : फलटणचं मला सांगता? मॅडम, तुम्ही स्वतःच सगळं सांगितलंत, फक्त एक गोष्ट गाळलीत. त्या भिंतीतल्या संगणकासमोर किती पोरं असायची?

मॅडम : घोळका असायचा.

सर : हैदराबादला?

मॅडम : गटानं बसायची.

सर : आणि आजीसमोर?

मॅडम : ...

सर : सगळी पोरं एका खोलीत, एका पडद्यासमोर, एकमेकांना ढकलत, हसत, एकानं अर्धं वाक्य म्हटलं की दुसऱ्यानं पुरं करत. आजी लांब होती, पोरं एकत्र होती. मुंबई महापालिकेनं कोरोनाच्या कितीतरी आधी व्हर्च्युअल क्लासरूम सुरू केल्या, त्यातही तेच. शिक्षक स्टुडिओत, पोरं आपापल्या वर्गात, बाकावर. आपण २०२० मध्ये बरोबर उलटं केलं. पोरं एकमेकांपासून तोडली. मास्तर लांब गेला म्हणून काही बिघडलं नसतं. सोबती गेले म्हणून बिघडलं.

मला हा मुद्दा त्या सगळ्या संध्याकाळचा गाभा वाटला. ऑनलाइन शिक्षणावर गेल्या काही वर्षांत जे लिहून आलं, त्यात रेंज, डेटा, डोळे आणि मान यांचाच हिशेब जास्त. इंग्रजीच्या तासाचं नुकसान त्यात नीट बसत नाही. परकी भाषा बोलायला ती न येणारा दुसरा कुणीतरी लागतो. येणाऱ्यासमोर, म्हणजे शिक्षकासमोर, तोंड उघडायची लाज वाटते. आपल्याइतकंच अडखळणाऱ्यासमोर वाटत नाही. हा दुसरा अडखळणारा शाळा फुकट पुरवत होती, आणि ती काय पुरवते आहे याची दखल फारशी कुणी घेतली नव्हती. केंद्राच्या 'प्रज्ञाता' सूचनांनी जुलै २०२० मध्ये नववी ते बारावीला दिवसाकाठी ३० ते ४५ मिनिटांची चार सत्रं एवढी मर्यादा घातली; ती डोळ्यांसाठी योग्यच होती. मुलांनी दिवसातून किमान किती वेळ एकमेकांशी बोलावं, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

मॅडमना हे पटलं नाही, आणि त्यांचं न पटणंही मला खोडून काढता आलं नाही.

मॅडम : सोबती म्हणता तुम्ही. मुलींना विचारा, सोबती काय करतात. हसतात! चुकीचा उच्चार झाला की वर्षभर त्या नावानं हाक मारतात. तुमच्या घोळक्यात संगणकाचा माउस कुणाच्या हातात असतो? सगळ्यांत दांडगट पोराच्या. बाकीची बघतात. माझ्या त्या मुलीला सोबती नव्हते म्हणून तर ती बोलली.

सर : अहो, हसणारेही सोबतीच. हसणाऱ्यांसमोर बोलायला शिकणं हेच तर शिकणं आहे. उद्या नोकरीच्या मुलाखतीला ती पंख्याखाली बसून रेकॉर्ड करून पाठवणार आहे का?

मॅडम : हल्ली तसंही मागतात.

सर : (थोडं थांबून) मागतात? मग अवघड आहे.

मॅडम : शिवाय गटकार्य म्हणजेच सगळं, असं तुमचे प्रभूसुद्धा म्हणत नव्हते.

प्रभू म्हणजे एन. एस. प्रभू. दक्षिण भारतात १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी इंग्रजी शिकवण्याचा जो प्रयोग केला तो जगभर गाजला. व्याकरणाचे नियम बाजूला ठेवून मुलांना कामं द्यायची: हे रेल्वेचं वेळापत्रक, हा नकाशा, आता सांगा कुठली गाडी धरली तर वेळेत पोहोचाल. मुलं उत्तराच्या मागे लागतात आणि इंग्रजी मागच्या दाराने आत येतं. सरांनी हा प्रयोग उमेदीच्या काळात वाचला आणि त्यावर नोकरी काढली; कराड एसटी स्टँडचं वेळापत्रक ते दर वर्षी इंग्रजीत उतरवून घेत. प्रभूंनी गटात बोलण्यावर भर दिला नव्हता, हे मॅडमचं म्हणणं खरं आहे. मुलं आपसात बोलली तर एकमेकांचं कच्चं इंग्रजीच पक्कं करतील, अशी त्यांना शंका होती. शिक्षकाचं समंजस, सोपं बोलणं कानावर पडावं, यावर त्यांचा भर.

सर : खरं आहे. पण प्रभूंचा मास्तर वर्गासमोर उभा होता. पोराचा चेहरा बघून तो प्रश्न सोपा करत होता. तुमचा काळा चौकोन बघून काय सोपं करणार?

मॅडम : मी तेच काम ऑनलाइन घेतलं सर. मोबाइलवरच्या नकाशावर. प्रत्येकानं आपापल्या गावाहून शाळेत यायचा रस्ता सांगायचा. परभणी, लातूर, बीड, एक तर थेट गोरखपूर. वर्गात असा नकाशा मला कधी मिळाला नसता. आणि ते बोलून टाइप करायचं त्या हैदराबादच्या मुलांसारखं आता प्रत्येक फोनमध्ये आहे. फुकट.

सर : माझ्या नातवानं दाखवलं मला. पण हैदराबादचं यंत्र मठ्ठ होतं, तोच त्याचा गुण. उच्चार जरा चुकला की भलतंच लिहायचं. आत्ताचं यंत्र फार समजूतदार झालंय. पोरगं अर्धवट काहीतरी म्हणतं, यंत्र पुढच्यामागच्या शब्दांवरून ओळखून बरोबर लिहून देतं. पोराला वाटतं, जमलं! मास्तर एवढा समजूतदार असून चालत नाही.

परीक्षांवर दोघं फार थांबले नाहीत. २०२१ मध्ये दहावीची लेखी परीक्षाच रद्द झाली. नववीचे ५० गुण, दहावीच्या वर्षभराच्या लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असा निकाल लागला आणि तो ९९.९५ टक्के लागला. पुढच्या वर्षी लेखी परीक्षा झाली तेव्हा मोठ्या पेपरला अर्धा तास वाढवून द्यावा लागला, कारण मुलांचा हातच चालत नव्हता. तोंडी परीक्षेचे २० गुण शाळाशाळांतून एरवीही कसे दिले जातात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ते इथे लिहीत नाही.

मग गाडी पुन्हा मूळ विषयावर आली, आणि तिथे माझा अंदाज साफ चुकला.

सर : म्हणून म्हणतो, शिक्षक नसलेल्या शाळेत पडदा लावायला माझी हरकत नाही.

मी : दाजी, तुम्ही ऑनलाइनच्या बाजूने?

सर : पोरं वर्गात एकत्र बसलेली असतील, खोलीत कुणीतरी मोठं माणूस असेल, इंग्रजी न येणारं का असेना, आणि पलीकडचा शिक्षक रोज तोच असेल, तर लावा की. खोऱ्यात वरच्या वाड्यांवर इंग्रजीचा माणूस टिकत नाही, हे मी तीस वर्षं बघतोय. येतो आणि बदलीच्या खटपटीला लागतो. कुणीच नसण्यापेक्षा पडद्यावरचा परवडला. वाक्य तो म्हणेल, मग वर्ग म्हणेल, मग रांगा म्हणतील. खोलीतल्या खोलीत आवाजाला उशीर होत नाही.

मॅडम : मला मुळीच मान्य नाही.

मी : मॅडम, तुम्ही विरोधात?

मॅडम : शंभर टक्के. मी त्या मुलीला वीस सेकंदांत उत्तर देऊ शकले, कारण ती मला माहीत होती. दोन वर्षं तिची वही तपासली होती. तिची आई पालकसभेला आलेली, तिचा भाऊ आमच्याच शाळेत. तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला, पण माणूस ओळखीचं होतं. सर म्हणताहेत त्या पडद्यावरच्या शिक्षकाला पाच शाळा देतील. तीनशे मुलं. तो कुणाचा आवाज ऐकणार? तो म्हणणार, वर्ग म्हणणार, रांगा म्हणणार, आणि माझी ती मुलगी पुन्हा नुसते ओठ हलवणार. मी ऑनलाइनची बाजू घेते ती ऐकण्यासाठी. तुम्ही घेता ती ऐकवण्यासाठी. तुमच्या योजनेत पोरांचं ऐकतं कोण?

सर : ऐकायलाही माणूस नेमा.

मॅडम : माणूस कशाला, वेळ द्या. अठ्ठावन्न पोरांची दोन-दोन मिनिटांची रेकॉर्डिंग म्हणजे जवळजवळ दोन तास झाले. त्या वर्षी मी ती रात्री भांडी घासताना ऐकायचे. आता शाळा रोजची सुरू झाल्यावर ते बंदच पडलं. मुलं अजून विचारतात, मॅडम, आवाज पाठवायचा का? वेळापत्रकात आठवड्याला तीन तासिका नुसत्या ऐकण्याच्या मांडा. मी कोपऱ्यात बसून कानाला इअरफोन लावीन आणि ऐकत राहीन.

सर : मांडतील हो. पण तुम्ही कोपऱ्यात नुसत्या बसलेल्या दिसलात की मुख्याध्यापक म्हणतील, मॅडमचा ऑफ तास दिसतोय, आणि देतील पाठवून सातवी ब वर बदली तासाला.

मॅडम : आमचे तर कालच पाठवून मोकळे झाले.